डोळे मिटून उभं राहणं

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं, उगाच काळजी करू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आम्ही पुढे जीवशास्त्र शिकवणार, म्हणून इथे सगळं आधी स्वतःवर करून बघावं लागतं. काल धडा होता तो माणूस दोन पायांवर कसा उभा राहिला याचा. बाईंनी आम्हा वीस जणांना पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. एकोणीस जण उभे राहिले. मी मात्र शेजारच्या हाडांच्या सांगाड्यावर जाऊन आदळले. सगळे खो खो हसले, मीही हसले.

बाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला पुन्हा दोनदा उभं केलं आणि दोन्ही वेळा त्यांनाच मला धरावं लागलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का गं असं?"

मी पटकन "नाही" म्हणाले. सोमवारी त्या मला डॉक्टरांकडे नेणार आहेत. नुसतं दाखवायला, बाकी काही नाही.

आई, बाबा शिडीवरून पडले म्हणून त्यांचे पाय गेले, असंच तू आजवर सांगत आलीस. पण त्याच्या आधीही दिवे गेले की ते भिंतीला हात लावून चालायचे, हे मला आठवतंय. हे कधीपासून होतं? खरं काय ते कळव.

आणि धाकट्याला एकदा डोळे मिटून उभं करून बघ. खेळ आहे म्हणून सांग. पण त्याच्या अगदी जवळ राहा, हात पुढे करून.

तुझी,
थोरली