ताईच्या यादीत नसलेलं कलम

आप्पा, काल आपल्या घरी तुमच्या नातीच्या लग्नाची याद झाली, देण्याघेण्याची सगळी कलमं कागदावर उतरली. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. आता मुलींच्या शाळेत शिकवते आणि माझ्या शुद्धलेखनातल्या चुका काढते. याद मीच लिहिली. अर्ध्या नाशकाच्या लग्नांच्या याद्या ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या मुलाला स्वतःच्या मुलीची याद लिहिताना घाम फुटला, हे पाहून तुम्ही मिशीत हसला असता. पण शेवटी सगळं निभावलं. काल संध्याकाळपासून मला इतकं हलकं वाटतंय की आज शाळेत एका वर्गाला उगाचच लवकर सोडलं.

तुमचं यादीला बसणं अजून डोळ्यांपुढे आहे. खाली दुकानात भांडी ठोकण्याचा आवाज चालू आहे, वर माडीवर दोन्हीकडचे व्याही समोरासमोर बसलेत, आणि मधे तुम्ही मांडी घालून बोरूचं टोक तासताय. कागदाच्या माथ्यावर 'श्री', त्याला हळदकुंकवाचं बोट, आणि मग तुमची मोडी पळू लागते. वाजंत्री कोणाची, नवरदेवाचा पोशाख कोणी करायचा, विहिणींचे मान किती, जेवणं कोणाकडे. मुलाच्या मामाला पागोटं की नुसतं उपरणं, यावरून एकदा मंडळी उठून जायला निघाली होती. तुम्ही मान वर न करता लिहिलंत, 'मामांचा मान यथाशक्ती', आणि मोठ्याने वाचून दाखवलंत. दोन्ही बाजूंना वाटलं आपलं खरं झालं. त्या एका शब्दावर तुम्ही किती लग्नं तारलीत, आप्पा. खाली सह्या व्हायच्या त्या काकांच्या, आजोबांच्या, मध्यस्थांच्या. ज्यांचं लग्न, ती दोघं त्या खोलीत कधीच नसायची. मुलगा बाहेर कुठेतरी पान खात उभा आणि मुलगी चुलीपाशी. मला लहानपणी यात काही वावगं दिसलं नाही. तुम्हालाही दिसलं नसावं.

ताईची याद तुम्ही लिहिलीत तितकी नीट दुसरी कुठली लिहिली नसेल. पुढे कुठे शब्दाला शब्द लागू नये म्हणून पातेल्यांची झाकणंसुद्धा वेगळी मांडली होतीत. आणि मग काही वर्षांनी सिन्नरहून, तिच्या सासरहून, निरोप आला की ताईला मूल होत नाही म्हणून भाऊजींनी दुसरं लग्न केलं. केलं, करणार आहेत असं नव्हे. मी पुण्याहून कॉलेजच्या सुटीत आलो होतो. तुम्ही पेटीतून याद काढलीत, उपरण्यात बांधलीत आणि मला बरोबर घेऊन टांग्यात बसलात. आपण काय करणार आहोत हे मी विचारलं नाही. तुमच्या हातात कागद होता, त्यामुळे काहीतरी होईल असं मला वाटत होतं.

ताईच्या सासऱ्यांनी आपल्याला अंगणात बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. मग म्हणाले, "व्याही, याद आणलीय ना? बरं झालं. वाचा." चार शेजारीही येऊन बसले होते. तुम्ही वाचू लागलात. एकेक कलम झालं की ते विचारायचे, "पोचलं का हो तुमच्याकडचं?" आणि तुम्ही म्हणायचात, "पोचलं." "आमच्याकडचं पोचलं का?" "पोचलं." आतल्या दारात ताई उभी होती, तिच्या मागे हिरव्या चुड्यातली ती दुसरी, ताईपेक्षा बरीच लहान. शेवटपर्यंत वाचून झालं. सासरे हात जोडून म्हणाले, "मग आमचं चुकलं कुठं, ते तुम्हीच दाखवा." त्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. ते खरंच विचारत होते. आणि खरंच, यादीतलं एकही कलम मोडलं नव्हतं.

परतताना ताई टांग्यात आपल्यामधे बसली होती, कायमची माहेरी यायला. मी न राहवून म्हणालो, "आप्पा, हे यादीत का नव्हतं?" तुम्ही माझ्यावर असे कडाडलात की टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं. "चार बुकं शिकलास म्हणून लग्नाच्या कागदात सवत लिहू? हळदकुंकू लावतात त्याला! शुभकार्यात अभद्र लिहून संसार टिकत असता तर वकिलांच्या बायका सगळ्यात सुखी असत्या." ताई रस्त्याकडे बघत राहिली. पण त्यानंतर तुम्ही कोणाचीच याद लिहिली नाहीत. बोलावणं आलं की डोळे गेल्याचं सांगायचात. आणि दुकानात गिऱ्हाईकाच्या तांब्यावर बारीक टिंबाटिंबांनी नाव घालायचात, तेही चष्म्याशिवाय. ते मी पाहत होतो. कडाडलात ते माझ्यावरच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आता तसं वाटत नाही.

या खेपेला स्थळ कळवणचं आलं. मुलगा तिथल्या शाळेत चित्रकला शिकवतो, कमी बोलतो, घर व्यापाऱ्यांचं. हल्ली मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा झालाय, त्यामुळे मुली जाणत्या होऊन बोहल्यावर चढतात आणि बापाला प्रश्न विचारतात. पसंती झाली, आणि तुमची नात मला म्हणाली, "बाबा, आत्याच्या यादीत जे राहिलं, ते माझ्या यादीत लिहा. नाहीतर मला हे लग्न नको." मी म्हणालो, "मुलगा चांगला आहे गं." ती म्हणाली, "आत्याचे यजमान वाईट होते का?" तेही चांगलेच होते. याद झाली त्या दिवशी त्यांच्या मनात असं काही असेल, असं मी शपथेवर म्हणू शकत नाही.

माझा एक वर्गमित्र इथे वकिली करतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "'दुसरं लग्न करणार नाही' असं लिहून घेतलंस तर कोर्ट ते कितपत धरेल, सांगता येत नाही. त्यापेक्षा केलं तर काय, ते लिही." म्हणून मी लिहिलं की नवऱ्याने हिच्या हयातीत दुसरं लग्न केल्यास हिला मुलांसह वेगळं राहण्याचा हक्क राहील, हिच्या चरितार्थाचा खर्च तो देईल, आणि हिचे दागिने व हिची नोकरी हिचीच राहील. चार दिवस मी हे वाक्य खोडत आणि लिहीत होतो. कधी वाटे, परक्या मुलावर न घडलेल्या गुन्ह्याचा आळ घेतोय. कधी वाटे, मी ताईचा सूड या गरिबावर उगवतोय. आणि कळवणची मंडळी उठून गेली तर? हिच्यासारख्या शिकलेल्या, हट्टी म्हणून नाव झालेल्या मुलीला पुन्हा स्थळ कुठून आणणार होतो? पोरगी मात्र शांतपणे वह्या तपासत बसलेली.

काल मंडळी सर्व्हिस मोटारीने धुळीने माखून आली. मुलाचे वडील नाहीत, काकाच कर्ते. गडगडाटी माणूस. बाकीची कलमं त्यांनी झपाझप मान्य केली, नवरदेवाच्या घोड्याचं तर आग्रहाने लिहून घेतलं. मग मी शेवटचं कलम वाचलं. चहाचा कप त्यांनी तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"मास्तर, पुन्हा वाचा बरं."

मी पुन्हा वाचलं.

"अहो, हे लगीन लावताय का काडीमोड? आमच्या घरात कोणी दोन बायका केल्यात का? इचारा कळवणात कुणालाबी. एक सांभाळता सांभाळता आमची फेफे उडते!"

कोणीतरी हसलं, पण काका हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. "इथं हळदकुंकू लावायचं आन् इथं खाली सवत बसवायची? मास्तर, शिकलेल्यांना इटाळ नसतो का? हे काढा. नाय तर आम्ही पाच वाजताची मोटार धरतो."

आप्पा, तुमचंच बोलणं, तुमच्याच शब्दांत. माझ्या जिभेवर तुमचा 'यथाशक्ती' आलाही होता. काहीतरी गोल लिहून टाकावं, दोघांनाही आपलं खरं झालं वाटावं. मी टाक उचललासुद्धा. तेवढ्यात माजघराच्या दारातून तुमची नात म्हणाली, "बाबा, काढायचं असेल तर सगळीच याद फाडा."

काकांनी पुतण्याला हाक मारली. तो रिवाजाप्रमाणे बाहेर ओट्यावर बसला होता. "ये, ऐक तुझ्या सासऱ्याचा कायदा." त्याने कागद हातात घेतला आणि उभ्यानेच पहिल्यापासून सगळा वाचला. अगदी सावकाश, एकेका कलमावर बोट ठेवून. मग म्हणाला, "काका, हे शेवटचं राहू द्या. पण घोडा काढा."

"काय?"

"घोडा. मला घोड्याची भीती वाटते. लहानपणी पडलोय, तुम्हाला ठाऊक आहे. ते कलम तेवढं काढा, बाकी कुठंही सही करतो."

आत बायकांचं हसू फुटलं. काकांचा चेहरा तांबडा झाला, पण ओठांचे कोपरे हलले. "अरे, घोड्याला भिणारा दुसरी बायको काय करतो! ते न लिहिताच चाललं असतं." मुलगा म्हणाला, "मग लिहून बिघडतं काय?" जरा थांबून म्हणाला, "याद माझ्या लग्नाची आहे, तर माझी सही हवी. आणि त्यांचीही." त्यांची म्हणजे तुमच्या नातीची. काका माझ्याकडे बघू लागले आणि मी काकांकडे. कागदावर नवरानवरीच्या सहीला जागाच सोडली नव्हती. ती चूक माझी. मुलीचा हक्क चार दिवस खोडूनखोडून लिहिणाऱ्या मला तिच्या सहीसाठी दोन बोटं जागा सुचली नाही.

काका तरी हटून होते, म्हणाले, "लिहा, पण असल्या कागदाला हळदकुंकू आमच्याकडची कोणी लावणार नाय." तेव्हा ताई बाहेर आली. पाहुण्यांसमोर ती सहसा येत नाही. भाऊजी आहेत म्हणून कपाळाला कुंकू आहे, पण मंगलकार्यात तिला पुढे करायला लोक कचरतात, आणि बोलावलं तरी तीच मागे राहते. हातात करंडा घेऊन ती सरळ कागदापाशी बसली. "मी लावते. त्या 'सवत' शब्दाची मला सवय आहे," म्हणाली. माथ्याला बोट लावलं, आणि मग दुसरं बोट खाली, त्या कलमाच्या समासात. काकांनी हात जोडले, तिला की कागदाला, ते समजलं नाही. मग म्हणाले, "आता च्या गरम करा तरी, हा पार गार झाला." कडेच्या जागेत दोघांनी सह्या केल्या. मोटार पाचची गेली, सहाचीही गेली. मंडळी जेवूनच गेली.

तुम्ही म्हणाल, कोर्टाला न जुमानणारा माणूस तुझ्या कागदाला काय जुमानणार? मला माहीत नाही, आप्पा. हे कलम आहे म्हणून ती दोघं सुखी होतील असं नाही, आणि ते नसतं तर दुःखी झाली असती असंही नाही. पण उद्या मला कुठल्या अंगणात बसून याद वाचावी लागलीच, तर शेवटाला येऊन मी गप्प होणार नाही. मुलीला काल गाढ झोप लागली. ताईने सकाळी, मी न मागता, दुसऱ्यांदा चहा दिला.

हे कागद तुमच्या फोटोमागे वगैरे ठेवणार नाही, माझ्या रोजनिशीतच राहतील. एक गोष्ट मात्र अजून कोणाला सांगितली नाही. आज दुपारी शाळेतून आलो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "तुझ्या यादीत हे कलम नव्हतं."

"माझ्या यादीत काय होतं, ते मला कुठं कोणी वाचून दाखवलं?" ती म्हणाली.

"तर मग मी लिहून देतो."

तिने ताटातून मान वर केली आणि हसत सुटली. "आता? हे पोट घेऊन तुम्ही बोहल्यावर चढणार? अहो, कोण देणार तुम्हाला!" मीही हसलो. ती पुन्हा खडे वेचू लागली. पण 'नको' म्हणाली नाही. मग मी कागद घेतला, ते वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि तिला दिला. तिने हात पदराला पुसले, कागद दोनदा वाचला, आणि शाई वाळेपर्यंत तसाच हातात धरून बसली.

तिला असल्या कागदाची गरज नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिला विचारलं मात्र कधीच नव्हतं.