बिघाड यंत्रातच आहे

ताई,

बाबांसाठी तू इतक्या लांबून हौसेने आणलेला लॅपटॉप मी इथल्या दुकानात बदलायला नेतो आहे. तू उठण्याआधीच निघालो, कारण हे तुझ्यासमोर सांगणे मला जमले नसते.

लॅपटॉप देखणा आहे, हलका आहे. सतत प्रवास करणाऱ्याने तोच घ्यावा. पण त्याचा टचपॅड बोटाच्या सावलीलाही दचकतो. काल बाबा अनुवादाचे पान उघडायला बसले, तर बाण पडद्यावर सैरावैरा धावत सुटला. शेवटी झाकण मिटून म्हणाले, "यंत्रात बिघाड दिसतोय रे." मी त्यांच्या हाताकडे पाहिले आणि म्हणालो, "हो बाबा, यंत्रातच आहे."

त्याऐवजी थोडा जड, उंच कळांचा आणि स्वस्त लॅपटॉप आणतो. उरलेल्या पैशांत एक वेगळा माउस येईल. तो जागचा हलत नाही. त्याच्यावरचा गोळा नुसता अंगठ्याने फिरवायचा. थरथरत्या हाताला तो बरा पडतो म्हणे. बाबांना मात्र लॅपटॉपवर फुकट मिळाला असे सांग. मुद्दाम आणला म्हटले, तर ते त्याला शिवणारही नाहीत.

डॉक्टरांचा विषय तूच काढ. माझी जीभ रेटत नाही.

आणि चहा त्यांना अर्धाच कप दे. संपला की न विचारता पुन्हा अर्धा ओत. मी बरेच दिवस तसेच करतो आहे. त्यांनी अजून कारण विचारलेले नाही.

तुझा घुम्या