दिव्याखालचा आकडा

ट्युनिस, १२ जुलै

प्रिय लझारदादा,

सलाम. तुम्ही सगळे खुशाल असाल. वहिनीने पाठवलेली सुकी मिरची पोचली. निम्मी शेजारणींनीच पळवली. इथे उकाडा आहे, पण नेफ्त्याच्या वाळवंटातल्या माणसापुढे त्याला उकाडा म्हणायची माझी हिंमत नाही.

वहिनीकडून कळलं, की नव्या पॅनलवरचा सौरपंप भर दुपारीसुद्धा धापा टाकतो, शेवटच्या बागांना पाणी पोचत नाही, आणि तू तुझी पाण्याची पाळी शेवटच्या बागेच्या हाज्ज तिजानींना देऊन टाकलीस. तरी ते सगळ्यांदेखत म्हणालेच म्हणे, "तुझ्या बहिणीचा सूर्य तिचा तिला परत दे बाबा, आमचा आहे तो बरा." येत्या शुक्रवारी बागवाले पाणीवाटपाचं काम तुझ्याकडून काढून घेणार, हेही तिनेच सांगितलं. तू फोनवर "सगळं ठीक" एवढंच म्हणतोस. आपण दोघं एकाच माळेचे मणी.

मागे मी तुला धुळीचं कारण दिलं होतं. ते खोटं होतं, दादा. त्यावर विश्वास ठेवून तू रोज पहाटे पॅनल पुसतोस, हे ऐकलं आणि लिहायला बसले.

आमच्या प्रयोगशाळेतला दिवा सूर्याची नक्कल करतो, पण नक्कल ती नक्कलच. तो जुन्या जातीच्या पॅनलवर जुळवलेला. तुमची पॅनल नव्या जातीची. त्यांना मानवणारे प्रकाशाचे रंग या दिव्यात सूर्यापेक्षा जास्त, म्हणून विजेचा आकडा फुगतो. नव्या जातीचं पॅनल दोन दिवस गच्चीवर खऱ्या उन्हात पडताळायचं, असा आमचा नियमच आहे. फेब्रुवारीत आठवडाभर आभाळ भरलेलं होतं. आमचे प्रमुख मोन्सीसाहेब म्हणाले, "थांब गं पोरी, सूर्य काय पळून जातोय?" मी थांबले नाही. तू विचारलं होतंस ना, "पॅनल उन्हाळ्याआधी मिळतील ना गं?" मी तुमच्या पॅनलच्या दाखल्यावर दिव्याचाच आकडा लिहिला आणि सही केली.

काल इथे ठेवलेलं नमुन्याचं तेच पॅनल गच्चीवर मांडलं. शंभराच्या जागी चौऱ्याहत्तर. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी घरी सांग." दाखला रद्द होईल. माझी नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही.

गुरुवारच्या गाडीने येते आहे. शुक्रवारी नमाजानंतर माणसं जमली की मी उभी राहून हे सगळं सांगणार. तिथे बायका बोलत नाहीत, माहीत आहे. तू माझी बाजू घेऊ नकोस. घेशीलच, म्हणून आधीच सांगते.

तुझ्या पाण्यासाठी घाई करून तुझंच पाणी तोडणारी,
तुझी बहीण
रौधा