सत्तेचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह

४ मार्च
सत्तेचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह जहाजावर नाही! सगळी पंपरूम रांगत पालथी घातली. सेहेचाळीस आहे, अठ्ठेचाळीस आहे, मधे नुसती भिंत. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो आहे, आणि त्याची सर्व्हिसिंग थकलीय. लाल अक्षरांत.

थकलेलं काम मिटल्याशिवाय सेकंड इंजिनियरला घरी सोडत नाहीत. सेकंड इंजिनियर म्हणजे मीच. निघालो तेव्हा पोरगी पालथीसुद्धा पडत नव्हती.

५ मार्च
ऑफिसला कळवलं — असा व्हॉल्व्ह नाही. उत्तर आलं, "फोटो पाठवा." भिंतीचा फोटो पाठवला. "फोटोत व्हॉल्व्ह दिसत नाही. पुन्हा काढा."

९ मार्च
खोक्यातून सत्तेचाळीसचे स्पेअर आले. पॅकिंग, गॅस्केट, सगळं. चीफ इंजिनियर चहा ढवळत म्हणाला, "सेकंड, कपडे आले. आता नवरदेव शोधा."

फिटरनं भंगारातून एक जुना व्हॉल्व्ह काढला. चाक सैल — बंद करून हात सोडला की आपलं आपण उघडतं. "कुठं काय जोडायचंय साहेब, शोभेलाच तर आहे." भिंतीवर एक गंजका गोल पत्रा आयताच होता, त्यावर बसवला. लाल रंग, पितळी बिल्ला, ४७. फोटो गेला. कॉम्प्युटरवरची अक्षरं हिरवी झाली.

२ एप्रिल
सापडला म्हणून आता त्याला दर आठवड्याचं ग्रीस लागू झालं. फोटोसकट! स्वयंपाकी डोकावून गेला. "हा कशाचा हो?" म्हटलं, महत्त्वाचा आहे.

१७ एप्रिल
बायकोचा फोन. पोरगी भिंत धरून चालायला लागली. "कधी येतोस?" म्हटलं, एक व्हॉल्व्ह आहे. "जहाजावर बाकीची माणसं नाहीत का?"

फोन ठेवल्यावर रडू आलं. मग खाली जाऊन ग्रीस लावलं.

६ मे
तपासनीस आला. सेहेचाळीस गंजलेला, अठ्ठेचाळीस अडकलेला — आमची यथेच्छ खरडपट्टी. सत्तेचाळीससमोर मात्र थांबला. चाकावरून बोट फिरवलं. "याला म्हणतात निगा." चीफला खोकल्याची उबळ आली. मला लाज वाटायला हवी होती. छाती फुगली.

८ मे
ऑफिसनं माझी मुदत वाढवली! कारण — सत्तेचाळीसची माहिती दुसऱ्या कुणालाच नाही.

तडक कॅप्टनकडे गेलो आणि खरं सांगून टाकलं. त्यानं केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "हे मी ऐकलेलं नाही. बदली माणूस मागवतो. त्याला शिकवा आणि घरी जा."

१९ मे
धक्क्याला लागलो. बदली माणूस आला. सत्तेचाळीसचं सगळं त्याला सांगितलं, कशालाच जोडलेला नाही हेसुद्धा. त्यानं मान डोलावली. "बरं. मग बंद ठेवायचा की उघडा?"

बॅग भरली. बायकोला कळवलं. पोरगी आता दारापर्यंत धावते म्हणे. सकाळी टॅक्सी.

२० मे
सत्तेचाळीसमधून पाणी आलं. मागचा गंजका पत्रा फुटला. चाखून पाहिलं — खारट. म्हणजे पत्र्यामागे समुद्र होता. म्हणजे इथे कधीकाळी व्हॉल्व्ह होताच, तो काढून भोकावर पत्रा ठोकलेला. म्हणजे ऑफिस बरोबर!

चाक आवळलं. पाणी थांबलं. हात सोडला की पुन्हा सुरू. बदली माणूस जिन्यावरूनच बघतोय, म्हणतो तुमच्या हाताची सवय आहे त्याला. फिटर साखळी शोधायला गेलाय. वर टॅक्सीवाला हॉर्न देतोय.

वही नशिबानं खिशात होती. डाव्या हातानं लिहितोय.