अडुळशाचा चोथा

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची भिवंडीला! वाईहून निघताना आईने इतकं रडून घेतलं, की मी जणू परदेशीच चालले होते. जवळच्या वडपे गावातल्या गोदामात स्टॉक तपासायची नोकरी, आणि पूर्णा गावात धोंडूबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली. शेजारच्या खोलीत ललिताताई राहते. कामतघरच्या बालवाडीत शिकवते, रविवारी बुद्धविहारात गाणी म्हणते. आज ती गुणगुणत होती आणि मी भांडी घासायची थांबून ऐकत बसले. पहिल्याच दिवशी जेवायला बोलावलं आणि माझ्यापेक्षा जास्त बोलली, हा मोठाच पराक्रम!

९ नोव्हेंबर
गोदामातल्या पुठ्ठ्याच्या धुळीने खोकला धरला. माझा खोकला आमच्या घरात प्रसिद्ध आहे: तीन आखूड ठसके आणि शेवटी एक लांब शीळ. धोंडूबाईंनी तो खालून ऐकला आणि परसातला अडुळसा तोडून दिला. चार पानं, सुंठ, ज्येष्ठमध, गूळ. दोन पेले पाणी आटून एक होईपर्यंत उकळायचं. पोट दुखलं तर ओवा, डोकं धरलं तर गवती चहा नि आलं. बाईंकडे प्रत्येक दुखण्याचं वेगळं पातेलं आहे. अट मात्र एकच. म्हणाल्या, "बाय, परसान खड्डा हाय, चोथा त्यानच टाकाचा. वाटंवर न्हाय. जो वलांडील त्याला तुजा खोकला लागल." मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि वर येऊन हसले.

१२ नोव्हेंबर
काढा कडू जहर, पण खोकला निम्म्यावर आला. ड्युटीवरून येते तेव्हा पायांचे तुकडे पडलेले असतात, आणि तो खड्डा गोठ्यामागे, चिखलात. गॅलरीच्या टोकाला, ललिताताईच्या दाराशी, पाणी जायचं भोक आहे. कालपासून चोथा तिथेच ओतते. थोडा बाहेर राहतो, पण वाळून जाईल.

१५ नोव्हेंबर
खोकला साफ गेला. सकाळी दात घासत होते, तेवढ्यात तो मला ऐकू आला. तीन ठसके, एक शीळ. माझ्या तोंडात ब्रश होता. आवाज ललिताताईच्या खोलीतून आला.

१९ नोव्हेंबर
योगायोग म्हणून चार दिवस काढले. काल माझ्या पोटात कळ आली. ओव्याचा काढा घेतला आणि चोथा मुद्दाम तिच्या दाराशी टाकला. हे लिहितानाही लाज वाटते आहे. खात्री करून घ्यायची म्हणून टाकला, असं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला बरं व्हायचं होतं, बस. आज ललिताताई पोट धरून बसली आहे.

२४ नोव्हेंबर
डॉक्टरांचं औषध लागू पडत नाही. तिची बालवाडी बंद, विहारातलं गाणं बंद. आवाज बसला आहे. चौकशीला गेले तर तिने उठून मलाच खुर्ची दिली. धोंडूबाईंना आडून आडून विचारलं, मैत्रिणीची हकीकत म्हणून. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, असा लागलेला रोग औषधाने जात नाही, वाढतच जातो. "ज्याचा त्यानंच परत घेवाचा." आजाऱ्याच्या काढ्याचा चोथा आपल्या उंबऱ्यावर ठेवून आपणच ओलांडायचा.
पण पहिल्या महिन्यात रजा घेतली तर नोकरी जाते. ३ डिसेंबरला पक्की होईन. मग घेईन. नक्की घेईन.

३० नोव्हेंबर
ललिताताईच्या रुमालावर रक्त होतं. तिने तो माझ्यापासून लपवला, मला भीती वाटू नये म्हणून. मी तिला काढा करून दिला, चोथा आणला, उंबऱ्यावर ठेवला, ओलांडला. सांगितलं कुणालाच नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

२ डिसेंबर
भिंतीपलीकडे ती गाते आहे. माझं मला परत मिळालं — वाढून. शीळ संपतच नाही. उठवत नाही. गोदामातून फोन आला, उद्यापासून येऊ नका म्हणाले. ललिताताईने कपाळावर हात ठेवला. माझ्या दुखण्यात तू सख्ख्या बहिणीसारखं केलंस, म्हणाली. मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

४ डिसेंबर
धोंडूबाई लेकीकडे गेल्या आहेत. ललिताताईने स्वतःच अडुळसा तोडला, मला काढा पाजला. सांगायला हवं होतं — चोथा खड्ड्यात टाक. का, म्हणून विचारेल. मग सगळंच —
ती पातेलं घेऊन गॅलरीच्या टोकाला गेली. ओतल्याचा आवाज आला. तिच्याच दाराशी. एक हाक पुरली असती. तोंड उघडलं होतं मी —

५ डिसेंबर, सकाळ
रात्रभर ती माझ्याच उशाशी होती, आपल्या खोलीत गेलीच नाही. पुन्हा काढा. चोथा पुन्हा तिथेच ओतला. उघड्या दारातून दिसते आहे, ती अजून चोथ्याच्या अलीकडे उभी आहे, पातेलं विसळते आहे. खोलीत जायला तो ओलांडावा लागेल. आत्ता हाक मारते. सगळं सांगते. थुंकली तोंडावर तरी —
पाऊल उचललं तिने. ललिताता —
नाही मारली. लाज. एवढीच लाज —
तीन ठसके.
शीळ.
मी खोकले नाही.
छाती मोकळी झाली. बरं वाटतंय. किती बरं वाट —