कलता फासा

रवि., ५ जाने.
खेळ आमच्याकडे, मखमलाबादला. नीलिमा देवळाली कॅम्पातून दोन बस बदलून आली. सतीश माझ्याच बाइकवर, अंबडहून. कंपनीत शेजारच्या लाइनला असतो, मूळचा नामपूरचा.

नवी नियमावली टेबलावर ठेवली, हाताने लिहिलेली, एकच प्रत. बेचाळीस पानं, स्पायरल, सगळ्या कलमांना आकडे. दोन महिने खपलो होतो. नीलिमाने ती चहाच्या बशीखाली सरकवली. टेबलाला डाग नको म्हणे!

ती जीएम, म्हणजे गेम मास्टर. गोष्ट ती सांगणार, आमच्या पात्रांपुढे संकटं ती आणणार, अडलं की निवाडाही तिचा. मान्य. पण निवाडा कशावरून? "समोरच्याचं तोंड बघून," म्हणाली. मी दिवसभर गेज लावणारा माणूस. पार्ट आत गेला तर पास, नाही गेला तर रिजेक्ट. पार्टचं तोंड बघत बसलो तर झालंच.

मधेच आई दाराशी येऊन उभी राहिली. नाना, माझे वडील, गेले त्याला चार महिने झाले. तेव्हापासून "जेवलास का" आणि "दिवा लाव" यापलीकडे तिचं बोलणं नाही. आज म्हणाली, "ह्यो कसला खेळ? सोंगट्या नाय, पट नाय."

सतीश : "मावशी, आपण दुसरं कुणीतरी व्हायचं. काय करायचं ते तोंडाने सांगायचं. जमेल का नाही अशी शंका आली, की हा वीस बाजूंचा फासा टाकायचा."

आई बसली. खरंच बसली!

रवि., १२ जाने.
आईचं पात्र : चंद्रा, फुलवाली. दुसरं काय असणार. जन्म शेवंतीत गेला.

नगराची वेस बंद, पहारेकरी आत सोडेना. सतीशचं आणि माझं तासभर नियोजन. दोर, भुयार, लाच. मग आई हळूच त्या पहारेकऱ्याला म्हणाली, "दादा, तुझ्या पागोट्यातलं फूल शिळं झालंय. घरी कोनी बदलून देत नाय का?" आणि टोपलीतलं फूल पुढे केलं. हवेतलंच, पण मला दिसलं.

नीलिमाने, म्हणजे पहारेकऱ्याने, ते हातात घेतलं. मग म्हणाली, "तो दार उघडतो."

आणि मी शहाणा काय बोललो? "कलम नऊ. मन वळवायचं तर फासा. दहा किंवा वर."

आईने टाकला. तीन.

नीलिमा घाईने, "राहू दे हो काकू, तुम्हाला सूट. उघडलं दार."

आई म्हणाली, "बरं." उठली. कुकर लावते म्हणाली. दुपारचे साडेतीन! परत आली नाही.

सोम., १३ जाने.
नी.चा फोन. "ते पुस्तक घाल चुलीत. चार महिन्यांनी बोलली होती बाई."
लाइनवर दोन चांगले पार्ट रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकले. सतीशने काढले.

रवि., १९ जाने.
आई खेळायला आली नाही. अंगणात हार ओवत बसली. नी.ला म्हटलं, आजपासून तू म्हणशील तसं, नियमावली बंद. तीन तास कुणी फासा टाकला नाही. सतीशने एकट्याने राक्षस मारला, नी. म्हणाली मेला, मेला. कुणाला काही वाटलं नाही. चहा मात्र चांगला होता.

बुध., २२ जाने.
आज सुट्टी. आईबरोबर शेवंती निवडायला बसलो. धीर करून म्हटलं, "आई, चुकलं माझं. तुला फासा टाकायला लावायला नको होता."

तिने वर बघितलं. "तू कुठं चुकला? फासा टाकला, तीन पडले. दार बंदच ऱ्हायला पायजे व्हतं. त्या पोरीनं उघडलं. लिंबूटिंबू केलं मला."

लिंबूटिंबू! लहानपणी लपाछपीत धाकट्या भावंडाला घ्यायचो तसं. पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, राज्य मात्र कधी द्यायचं नाही.

"चार महिने समदे तेच करतेत. मी सैपाक नाय केला तरी चालतं. चहात साखर इसरले तरी लय भारी. काय बी केलं तरी मी बाद व्हत नाय. मंग खेळात हाय का नाय मी?"

माझ्या हातातलं फूल हातातच. हिच्याएवढा नियम कुणाला कळलाय? बेचाळीस पानांत हे वाक्य नाही.

मग आपणहूनच बोलली. नानांनी ठिबकचा पाईप न्यायला विहिरीजवळचा तिचा मोगरा न विचारता तोडला. हिने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पहाटे तशीच न बोलता फुलं घेऊन मार्केटला गेली. आली तेव्हा नाना शेतातच...
मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून.

रवि., २६ जाने.
नी.ला फोनवर लिंबूटिंबूचं सांगितलं होतं. (अबोल्याचं नाही. ते आईचं.) आज आई बसल्याबरोबर नी. सरळ म्हणाली, "काकू, माझं चुकलं. वेस बंद आहे. तीन पडले होते."

आई हसली. खळखळून! सतीशच्या हातातला खारी बिस्किटाचा तुकडा चहात पडला.

मग दीड तास खपून आम्ही फुलांच्या गाडीखाली लपून आत शिरलो. आईचा फासा दोनदा फसला, एकदा तिला कोठडीतही जावं लागलं. खूश होती. जाताना नी.ने बशीखालची नियमावली काढून पुसली.

रवि., २ फेब्रु.
क्रमाने लिहितो.

आज चंद्रा नदीशी पोचली. काठावर नावाडी. नी. त्याच्या आवाजात म्हणाली, "पलीकडे गेलेलं माणूस परत येत नाही, बाई." नी.ला काहीच माहीत नव्हतं, तिने हे आठवड्याभरापूर्वीच लिहून ठेवलं होतं.

आईने विचारलं, "निरोप पोचिवतो का?"

मी पानं उलटली. निरोपाचं कलम नाही. नी.ने आईकडे पाहिलं, आणि मला दिसलं की ती 'हो' म्हणणार. तेवढ्यात आई, "फुकट नको. आकडा सांग."

नी.ने डोळे मिटले. उघडले, पुन्हा आईकडे पाहिलं, म्हणाली, "पंधरा."

आईने मान डोलावली. वाजवी. आकडा कुठल्याच पानावर नव्हता, तोंड बघूनच आलेला. पण एकदा उच्चारला म्हटल्यावर नी.ही त्याच्याबाहेर नाही. इतकी वर्षं मी भांडतोय ते कशासाठी, देव जाणे.

"निरोप काय?" नावाडी.

"सांग, मोगऱ्याला पालवी फुटली. पाईपाला बी धक्का नाय."

टाकला फासा. गडगडत गेला आणि माझ्या नियमावलीच्या स्पायरलला टेकून थांबला. कलता. एका बाजूला अठरा, दुसऱ्या बाजूला चार. कुठलीच वर नाही.

सतीश त्याच्या अहिराणीत कुजबुजला, "पडना का नही?"

आई : "नियम काय हाय?"
मी : "कलम सतरा. कलता राहिला तर पुन्हा टाकायचा."
"कोनी लिवलंय?"
"मी."
"मंग नीट इचार करून सांग. घाई नाय."

आणि चहा टाकायला गेली. मी नी.कडे पाहिलं. अगं, जीएम तू! ती म्हणाली, "माझा निवाडा झाला. आता तू सांग, महेश."

सगळे गेल्यावर विहिरीशी जाऊन पाहिलं. पाईपाच्या कडेला, तोडलेल्या खोडाला, बोटभर पालवी. कोवळी, चकाकणारी.

सोम., ३ फेब्रु.
फासा तसाच. मांजराने पाडू नये म्हणून आईने त्यावर फुलांची टोपली पालथी घातलीय. जेवायला जमिनीवर बसलो.

कलम सतरा मीच लिहिलं, तेव्हा कुणाच्या हाती काय असेल याचा विचार केला नव्हता. पुन्हा टाक म्हणावं तर चारही येईल, दोनही येईल. अठरा धर म्हणावं तर तिला पुन्हा लिंबूटिंबू केलं. ती एका नजरेत ओळखेल.

सकाळी मोगऱ्याला पाणी घालून आली. "ठरलं का?"
"नाही अजून."
"बरं," म्हणाली. हे बरं त्या दिवशीच्या बरं-सारखं नव्हतं.

कलमात नेमके शब्द काय वापरलेत, "टाकावा" की "टाकता येईल", म्हणजे सक्ती की मुभा, ते काही केल्या आठवेना. टोपली हळूच उचलून पाहिली. उभा आहे. नियमावली उघडायची तर तो पडणार.