चिखलातल्या सागाची चौकट

मी वामन पांडुरंग बोबडे, वय सहासष्ट, धंदा आरा मशीन, राहणार बेला, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. केली असती तरी मी ऐकले नसते, हे गावाला माहीत आहे.

कलम १. राहते घर, परसातली विहीर आणि बँकेत जे असेल ते पत्नी तुळजाबाईचे. तिच्या हयातीत मुलगा सुधाकर याने घराची एक वीटही विकू नये.

कलम २. आरा मशीन सुधाकरची. ओंडके उचलायची चेन-पुली भगवानराव गुरुजींनी विहिरीतली मोटार काढायला दोन दिवसांसाठी नेली, त्याला चार वर्षे झाली. ती मागून आणावी. गुरुजी या कागदाचे साक्षीदार आहेत, तेव्हा आठवत नाही असे त्यांना म्हणता येणार नाही.

कलम ३. हे लिहायला मला बारा वर्षे लागली.

पैनगंगेने सोडलेल्या जुन्या पात्रात दलदल आहे. तिच्या गाळाखाली सागाचे जुने ओंडके गाडलेले आहेत, हे रामाजी वाढई या सुताराने शोधले. लांब सळई गाळात खुपसायची. दगड लागला तर हाताला झिणझिण्या येतात, लाकूड लागले तर सळई गुमान थांबते. १९८५ च्या उन्हाळ्यात, परवानगी काढून, आम्ही पहिला ओंडका चार बैलजोड्यांनी बाहेर ओढला. आतून कोळशासारखा काळा. जंगल खात्याचे साहेब म्हणाले, हजार वर्षांचा असेल. रामाजीने वाटा मागितला तो एवढाच, की त्याच्या नव्या घराला याची चौकट मिळावी.

“वामनराव, याले घाई नोका करू,” तो म्हणाला. “टोकाले शेन-माती लिपा, ओले पोते टाका, दोन पावसाळे सावलीत राहू द्या.”

पण नागपूरचा व्यापारी पाहायला येणार होता आणि मला मिरवायचे होते. पंधराव्या दिवशी मी ओंडका चिरला आणि फळ्या वैशाखाच्या उन्हात मांडल्या. व्यापारी आला तेव्हा एकही फळी धड नव्हती. भर चारचौघांत मी म्हणालो, “या रामाजीनं सब्बल मारून लाकूड फोडलं.” सब्बल म्हणजे लोखंडी पहार. तो एवढेच म्हणाला, “म्या सब्बल लावलीच नाई. दोरानं काढलं.”

सुताराच्या हातून लाकूड फुटते असे एकदा गावात झाले, की त्याला कामाला कोण बोलावणार? घराच्या दाराला गोणपाट लावून तो मंचेरियलला गेला, खाणीत लाकडी टेकू ठोकायला.

दुसरा ओंडका मी त्याने सांगितल्याप्रमाणे वाळवला. एक चीर पडली नाही. तेव्हा मला खरे कळले. आधीही कळलेच होते. त्या लाकडाची चौकट करून भुशाच्या ढिगामागे झाकून ठेवली. पुढे रामाजी गावी परतला. रोज मशीनीवरून जायचा आणि मी मान खाली घालून पात्याला धार लावत बसायचो. त्याच्या दाराला लोखंडी चौकट बसली, तो दिवस मी पाहिला. मी केलेली सागाची चौकट तेव्हा तयार होती. मला स्वतःची लाज वाटते.

गेल्या महिन्यातल्या कच्च्या कागदात मी लिहिले होते, की माझ्या तेराव्याला हे गावासमोर वाचावे आणि चौकट रामाजीला द्यावी. तो कागद गुरुजींना वाचायला दिला. गुरुजींच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी रामाजी मशीनीवर येऊन उभा राहिला.

“तुमी मेल्यावर वाचतीन, तं म्या उत्तर कोनाले देऊ?”

म्हणून आज बाजाराच्या दिवशी मशीन बंद करून मी हे कलम लोकांसमोर स्वतः वाचले. फळ्या माझ्या घाईने फाटल्या. रामाजीचा दोष नव्हता.

चौकट त्याने घेतली नाही. आता दारात जागा नाही, म्हणाला. ती कोणी विकू नये.

कलम ४. माझ्या सरणाला दलदलीतले लाकूड लावू नये. बाभळीचे पुरे.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून सही करतो.

मुक्काम बेला, ता. १२ मे १९९७
वामन पांडुरंग बोबडे (सही)

साक्षीदार:
१. भगवानराव गुरुजी (सही). चेन-पुली उद्या पाठवतो.
२. रामाजी वाढई (सही). कलम तीन दोनदा वाचून घेतलं. दोरानंच काढलं होतं.